कंबरेची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली, म्हणजे संधिवात नाही का?

“डॉक्टर, कंबरेची सोनोग्राफी करून घेऊ का?” दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला क्वचितच कोणी विचारत असे. तेव्हा सोनोग्राफी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर गरोदरपण, मुतखडा किंवा पित्ताशय यायचे. आता गुडघा, खांदा, टाच, बोटे अशा सांध्यांचीही सोनोग्राफी होऊ लागली आहे. एमआरआयपेक्षा ती स्वस्त असते, किरणोत्सर्ग नसतो आणि रिपोर्ट लगेच हातात मिळतो. त्यामुळे कंबरदुखीसाठीही हाच सोपा मार्ग असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे.

प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. एका विशिष्ट प्रकारच्या कंबरदुखीत, म्हणजे सांध्यांच्या सुजेमुळे होणाऱ्या कंबरदुखीत, ‘नॉर्मल’ सोनोग्राफी फसवी ठरू शकते. त्या एका कागदावर विसंबून आजाराची वर्षे वाया जातात. म्हणून सोनोग्राफी कुठे कामाची आहे, कुठे नाही आणि का नाही, हे नीट समजून घेऊ.

आधी एक गैरसमज दूर करू

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कंबरेवर जेल लावून जे ‘अल्ट्रासाउंड’ देतात, ती तपासणी नसते. तो उपचार असतो, त्यातून कोणतेही चित्र मिळत नाही. “माझे अल्ट्रासाउंड दहा वेळा झाले, त्यात काही निघाले नाही,” असे सांगणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. निदानासाठी जी सोनोग्राफी होते ती वेगळी. तिच्यात पडद्यावर आतले चित्र दिसते आणि डॉक्टर त्याचा लेखी रिपोर्ट देतात. या लेखात आपण फक्त तिच्याबद्दल बोलत आहोत.

सगळी कंबरदुखी सारखी नसते

कंबरदुखी जगभर किती पसरली आहे, याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. 2020 मध्ये जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84.3 कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी प्रथमच मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम आणि रुग्णाला नीट माहिती देणे यावर त्यांत भर आहे. कंबरपट्टे आणि ट्रॅक्शन सरसकट वापरू नयेत, असेही त्या सांगतात.

पण त्या सूचना ज्या दुखण्यामागे ठराविक आजार सापडत नाही, अशा कंबरदुखीसाठी आहेत. बहुतेक लोकांचे दुखणे याच गटातले असते. उसण भरणे, स्नायू आखडणे, जास्त बसून काम करणे, वजन उचलणे अशी त्याची कारणे असतात आणि काही आठवड्यांत बहुतेकांना आराम पडतो.

आपला विषय आहे तो दुसरा, लहान गट. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सूज मुख्यतः एसआय सांध्यात, म्हणजे पाठीचा कणा आणि कमरेचे हाड जिथे जोडलेले असते तिथे येते. कमरेच्या खाली, दोन्ही बाजूंना काही जणांना जे खळगे दिसतात, साधारण त्याच जागी आत खोलवर हे सांधे असतात. या आजाराला अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज स्पष्ट दिसू लागली की त्यालाच अ‍ॅन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे जुने नाव वापरतात.

ही कंबरदुखी ओळखण्याच्या पाच खुणा आहेत:

- दुखणे वयाच्या 40 वर्षांच्या आत सुरू झालेले असते.
- ते हळूहळू सुरू होते. “अमुक दिवशी वजन उचलले आणि कळ आली” असे रुग्णाला सांगता येत नाही.
- हालचाल किंवा व्यायाम केल्यावर बरे वाटते.
- आराम केल्यावर बरे वाटत नाही.
- रात्री, विशेषतः उत्तररात्री दुखून जाग येते आणि उठून फिरल्यावर मोकळे वाटते.

पाचपैकी चार खुणा जुळत असतील आणि दुखणे तीन महिन्यांहून जास्त काळ असेल, तर सुजेच्या कंबरदुखीचा विचार करायलाच हवा. सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ कंबर धरलेली असणे, कधी डाव्या तर कधी उजव्या कुल्ल्यात दुखणे, याही बोलक्या खुणा आहेत.

सोनोग्राफी इथे कमी का पडते?

कारण साधे आहे. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी मऊ ऊतींमधून आणि पाण्यातून चांगल्या जातात, पण हाडावर आपटून परत फिरतात. म्हणून हाडाचा वरचा पृष्ठभाग दिसतो, त्याच्या आत किंवा मागे काय चालले आहे ते दिसत नाही.

एसआय सांधा चहूबाजूंनी जाडजूड हाडांनी वेढलेला आहे. पाठीमागून प्रोब ठेवला तर सांध्याची मागची फट आणि तिथले अस्थिबंध दिसतात. ज्या भागात आजाराची सूज बहुधा असते, तो खालचा आणि पुढचा भाग हाडाच्या आडोशाला राहतो. त्यात या आजाराची सुरुवातीची सूज सांध्यालगतच्या हाडाच्या मगजात असते. तिथपर्यंत सोनोग्राफी पोहोचूच शकत नाही. रुग्ण स्थूल असेल तर अंतर वाढते आणि चित्र आणखी पुसट होते.

म्हणजे बंद दाराबाहेर उभे राहून आत कोणी नाही असे सांगण्यासारखेच हे झाले. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांची त्यात चूक नसते. त्यांना जेवढे दिसते, तेवढेच ते लिहितात.

संशोधकांनी प्रयत्न केले नाहीत का?

केले आणि अजूनही चालू आहेत. सूज आलेल्या भागात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तप्रवाह वाढतो. डॉपलर सोनोग्राफीने हा प्रवाह मोजता येतो. 1999 मध्ये तुर्कस्तानातील डॉक्टरांनी एसआय सांध्याच्या मागच्या भागात असा प्रवाह मोजून दाखवला. सूज सक्रिय असलेल्या रुग्णांत रक्तप्रवाहाचा अडथळा कमी आणि उपचारानंतर तो वाढलेला त्यांना आढळला. त्यानंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले. शिरेतून विशेष द्रव देऊन सोनोग्राफी करण्याचेही प्रयोग झाले.

अडचण पुढे येते. असा प्रवाह निरोगी माणसांतही काही वेळा दिसतो. कोणता आकडा नॉर्मल आणि कोणता नाही, यावर एकमत झालेले नाही. एका डॉक्टरला जे दिसते ते दुसऱ्याला दिसेलच असे नाही, कारण ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर आणि अनुभवावर फार अवलंबून असते.

म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, 2015 च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटले की या आजारात एसआय सांध्याच्या सुजेचे निदान करण्यासाठी सोनोग्राफीची शिफारस करता येत नाही. 2009 पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या आसास निकषांमध्येही एक्स-रे आणि एमआरआय आहेत, सोनोग्राफी नाही. तंत्र सुधारले तर उद्या चित्र बदलू शकते. पण आज तुम्ही खिशातून पैसे देणार असाल, तर निर्णय आजच्या माहितीवर घ्यावा लागतो.

मग सोनोग्राफी निरुपयोगी आहे का?

अजिबात नाही. तिच्या योग्य जागी ती उत्तम आहे.

*टाच आणि इतर सांधे:* हा आजार फक्त कंबरेत राहत नाही. हाडाला जिथे स्नायूंचे बंध चिकटतात तिथेही सूज येते. टाचेच्या मागे किंवा तळव्याशी, गुडघ्याच्या आसपास असे दुखत असेल तर सोनोग्राफीत ती सूज छान दिसते. बोटांच्या, मनगटाच्या आणि गुडघ्याच्या सांध्यातले पाणी व सूजही दिसते. तरुण माणसाला कंबरदुखीबरोबर टाचदुखी असेल, तर टाचेची सोनोग्राफी निदानाला हातभार लावू शकते.

*इंजेक्शन देताना:* सांध्यात औषध द्यायचे ठरले तर सुई योग्य जागी जावी म्हणून सोनोग्राफीची मदत घेता येते.

*कंबरदुखीची दुसरी कारणे:* मुतखडा, मूत्रपिंडाची सूज, गर्भाशय व अंडाशयाचे विकार यांतही कंबर दुखते. ही कारणे शोधायला पोटाची सोनोग्राफी करतात. पण इथेच गल्लत होते. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे ही कारणे बहुधा नाहीत, एवढाच तिचा अर्थ. सांध्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

मोबाइलला जोडायचे यंत्र आणि आपला कायदा

सोनोग्राफीचे यंत्र आता हातात मावेल एवढे झाले आहे. परदेशातले व्हिडिओ पाहून रुग्ण विचारतात, “तुम्ही तपासतानाच का बघत नाही?” आपल्याकडे यामागे कायद्याचे कारण आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. गर्भाचे लिंग दाखवू शकेल असे कोणतेही यंत्र त्याच्या कक्षेत येते, मग ते टाच बघायला घेतलेले का असेना. नोंदणी नसलेल्या ठिकाणी असे यंत्र ठेवता येत नाही. ते चालवणाऱ्याची पात्रताही ठरलेली आहे आणि हलवता येणाऱ्या यंत्रांवर जास्त निर्बंध आहेत.

मुलींच्या जिवासाठी हा कायदा हवाच, यात मला शंका नाही. त्याची एक बाजू मात्र रुग्णांनी समजून घ्यावी. तुमचे फॅमिली डॉक्टर स्टेथोस्कोपसारखे सोनोग्राफी वापरत नाहीत, ते आळसामुळे किंवा अज्ञानामुळे नव्हे. कोणी घरी येऊन किंवा शिबिरात लहान यंत्राने ‘मणक्याची सोनोग्राफी’ करून देतो म्हणाला, तर त्या यंत्राची नोंदणी आहे का, एवढे विचारा. आणि कायद्याची अडचण नसती, तरी एसआय सांध्यापुरते उत्तर बदलले नसते. यंत्र लहान झाले म्हणून ध्वनिलहरी हाडातून जाऊ लागलेल्या नाहीत.

मग कोणती तपासणी करायची?

सुरुवात यंत्राने नव्हे, प्रश्नांनी होते. डॉक्टरांनी दहा मिनिटे नीट विचारपूस केली तर निम्मे काम होते. त्यानंतर साधारण हा क्रम असतो:

*एक्स-रे:* एसआय सांधे नीट दिसतील असा कमरेचा एक्स-रे सहसा आधी काढतात. तो स्वस्त आहे. पण त्यात दिसतील असे बदल व्हायला काही वर्षे लागतात. त्यामुळे सुरुवातीचा नॉर्मल एक्स-रे आजार नाकारत नाही.

*एमआरआय:* हाडाच्या मगजातली सूज दाखवणारी ही तपासणी आहे. रुग्ण तरुण असेल आणि दुखणे फार जुने नसेल, तर एक्स-रेऐवजी थेट एमआरआयही करता येतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपल्याकडे बहुतेकांचा ‘मणक्याचा’ एमआरआय होतो. त्यात चकती आणि नसा पाहिल्या जातात, एसआय सांधे पूर्ण दिसत नाहीत. सुजेची शंका असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एसआय सांध्यांचा एमआरआय, स्टर सिक्वेन्ससह’ असे लिहिलेले असायला हवे. त्यासाठी सहसा कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन लागत नाही.

*रक्ताच्या तपासण्या:* सीआरपी वाढलेले असेल तर शंका बळावते, पण अनेक रुग्णांत ते नॉर्मल असते. एचएलए-बी27 ही जनुकीय खूण आहे. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झाला असे नाही; ही खूण असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो. म्हणून लक्षणे नसलेल्या भावंडांची हौसेने ही तपासणी करू नका.

एमआरआयसुद्धा देववाणी नव्हे. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, धावपटू आणि जड कष्ट करणारे यांच्या एसआय सांध्यातही थोडी सूज दिसू शकते. त्यामुळे रिपोर्ट आणि लक्षणे एकत्र मांडूनच निदान होते. ते काम शक्यतो संधिवाततज्ज्ञांनी करावे.

उशीर कसा होतो: माझ्याच दवाखान्यातला अनुभव

या आजाराच्या निदानाला जगभरात सरासरी सहा-सात वर्षे उशीर होतो. तो कसा होतो, हे मी माझ्याच चुकीवरून सांगतो. रुग्णाची ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

विशीतला एक तरुण, कारखान्यात काम करणारा. कंबरदुखी घेऊन माझ्याकडे यायचा. आधी पोटाची सोनोग्राफी झाली, नॉर्मल. मग मणक्याचा एमआरआय झाला. त्यात एक चकती किंचित फुगलेली निघाली, आणि ‘गॅप आहे’ हे सगळ्यांनी धरून ठेवले. मीही. मी त्याला वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि सांगितले, “जड उचलू नकोस, आराम कर.” गोळी घेतली की बरे वाटायचे, बंद केली की पुन्हा तेच. आईने मालिश करून पाहिले, गावाकडच्या हाडवैद्याकडेही नेऊन झाले.

दोन वर्षांनी त्याचा एक डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून त्याला विचारले, “सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?” तो म्हणाला, “हो, तासभर.” हा प्रश्न दोन वर्षांत मी एकदाही विचारला नव्हता. एसआय सांध्यांच्या एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंना सूज निघाली. ज्याला चालल्याने बरे वाटत होते, त्यालाच मी आराम करायला सांगत होतो.

स्त्रियांमध्ये तर उशीर आणखी होतो. हा पुरुषांचाच आजार आहे असा समज बरीच वर्षे होता, तो चुकीचा आहे. आपल्याकडे बाईची कंबर दुखली की बाळंतपणाचे नाव पुढे येते. “सिझरच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिले, तेव्हापासून दुखते,” हे वाक्य इतके रुळले आहे की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. पहाटे दुखून जाग येते का, कामाला लागल्यावर मोकळे वाटते का, हे विचारून पाहा.

वेळेत निदान झाले तर काय होते?

निदानाची घाई करायची ती उपचार उपलब्ध आहेत म्हणून. रोजचा व्यायाम आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूज कमी करणाऱ्या गोळ्या ही पहिली पायरी. अनेकांना एवढ्यानेच चांगला आराम पडतो. तेवढ्याने भागले नाही तर बायोलॉजिक इंजेक्शने आहेत. 2014 पासून भारतात त्यांतील अ‍ॅडालिमुमॅबची देशी आवृत्तीही मिळते. ही औषधे सुरू करण्याआधी छुपा क्षयरोग नाही ना, हे तपासणे आपल्या देशात अत्यंत गरजेचे आहे. तंबाखू आणि सिगारेट सोडावीच लागते, धूम्रपानाने हा आजार जास्त बळावतो.

दोन इशारे. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊन वर्षानुवर्षे काढू नका, पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. आणि जादूसारखा गुण देणाऱ्या निनावी पुड्यांपासून दूर राहा, त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. कंबरेच्या या आजारात पोटातून दीर्घकाळ स्टेरॉइड देऊ नये, असेच तज्ज्ञांच्या सूचना सांगतात.

डॉक्टरांकडे जाताना

- दुखणे कोणत्या वयात आणि कसे सुरू झाले, ते लिहून न्या.
- सकाळी कंबर किती मिनिटे आखडलेली असते, हे आठवडाभर घड्याळ लावून पाहा.
- डोळा लाल होणे, त्वचेवर सोरायसिसचे चट्टे, वारंवार जुलाब किंवा शौचातून रक्त, टाचदुखी, यांपैकी काही झाले असेल तर न विचारताही सांगा.
- घरात कोणाला असा आजार आहे का, याची चौकशी करा.
- कोणतीही तपासणी सांगितली तर विचारा: “ही नेमके काय शोधायला आहे? आणि नॉर्मल आली तर पुढे काय?”

खालील गोष्टी असतील तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा: लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पायातली ताकद कमी होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, ताप किंवा वजन घटण्यासह कंबरदुखी, आधी कर्करोग झालेला असणे, मोठ्या मारानंतरचे दुखणे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आढळतो आणि तोही कंबरदुखीच्या रूपानेच येतो.

तुमच्या फाइलमध्ये आज ‘सोनोग्राफी नॉर्मल’ असा कागद असेल, तर तो फाडू नका आणि त्यावर समाधानही मानू नका. वरच्या पाच खुणा स्वतःशी ताडून पाहा. चार जुळल्या, तर तो कागद आणि हा प्रश्न, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा: “माझे एसआय सांधे आजवर कोणी पाहिले आहेत का?”

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधे आणि तपासण्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)